गिझरचा टॉप दर हिवाळ्यात जळतो आणि हिशोब मात्र बरोबर येतो: चूक नेमकी कुठे शोधायची

डिसेंबर लागला की मला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "दादा, गिझरचा टॉप परत जळला." टॉप म्हणजे सॉकेटमध्ये घालायचा तीन पिनांचा प्लग. सिडको, इंदिरानगर, सातपूर, पंचवटी, कुठूनही फोन आला तरी बोलणं तेच. निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा नाशिक शहरातही पहाटे टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही. पावसाळ्यात दहा-पंधरा मिनिटं चालणारा गिझर मग घरातल्या पाच माणसांच्या अंघोळी होईपर्यंत तास-दीड तास सुरू असतो. वर्षभर दबलेला दोष नेमका तेव्हा वर येतो.

मी घरगुती वायरिंगची आणि मोटारींची कामं करतो. टॉप जळला की नवा टॉप बसवायचा, पन्नास-शंभर रुपयांत काम उरकायचं, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता त्याबद्दल नीट लिहायलाच हवं. निमित्त इंदिरानगरमधल्या एका काकूंचं.

काकूंच्या बाथरूमबाहेरच्या पॉवर सॉकेटवर दोन हिवाळ्यांत तीन टॉप जळले होते. दर वेळी कोणीतरी येऊन नुसता टॉप बदलून गेलं होतं. मी गेलो तेव्हा त्यांचा नववीतला नातू वही घेऊन शेजारी उभा राहिला. शाळेत नुकताच ओहमचा नियम शिकवलेला. "काका, तुम्ही मीटरवरचे आकडे सांगा, गणित मी करतो," म्हणाला. गिझर सुरू ठेवून मी बोर्डातल्या एमसीबीजवळ (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) व्होल्टेज पाहिलं, ते २२६ आलं. त्याच वेळी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, फेजच्या (वीज आणणाऱ्या) वायरवर लावला होता, त्यावर ८.४ अँपिअर.

पोरानं लगेच मांडलं. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट: २२६ ÷ ८.४ = २६.९ ओहम. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट: २२६ × ८.४ = १८९८ वॅट. मग गिझरवरची पट्टी वाचली. २००० वॅट, २३० व्होल्ट. त्यावरून कॉइलचा रोध किती असायला हवा, तर २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. वहीतून मान वर करून म्हणाला, "काका, सगळं बरोबर आहे. बिघाड नाहीच."

आणि समोर टॉप एका बाजूनं काळा पडलेला, बेकलाइट करपल्याचा वास अजून येत होता.

मुलाचं गणित अचूक होतं. एका आकड्याचाही फरक नव्हता. तरीही या दुखण्यात नेमकं हेच गणित फसवतं, आणि नववीतल्या मुलालाच नाही, चांगल्या कामगारांनाही फसवतं. ते म्हणतात, "लोड बरोबर आहे, करंट बरोबर आहे, टॉपच हलका असेल." नवा टॉप येतो, महिन्याभरात तोही जातो.

व्होल्टेज कुठून कुठपर्यंतचं?

आम्ही सगळे सर्रास व्होल्टेज म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यातच 'अंतर' आहे. अंतर म्हटलं की दोन टोकं आली. नाशिकपासून किती किलोमीटर, या प्रश्नाला नुसतं उत्तर नसतं. सिन्नरपर्यंत की त्र्यंबकपर्यंत, ते आधी सांगावं लागतं. व्होल्टेजचंही अगदी तसंच. मीटरच्या दोन काड्या ज्या दोन जागी टेकवल्या, तेवढ्याच तुकड्याचं ते व्होल्टेज. आणि त्यावरून काढलेला रोध आणि वॅटही तेवढ्याच तुकड्याचे.

नातवानं काढलेले २६.९ ओहम एमसीबीपासून निघून वायर, सॉकेट, टॉप, कॉइल आणि परत न्यूट्रलनं (परतीच्या वायरनं) बोर्डापर्यंत, अशा अख्ख्या वाटेचे होते. त्यात कॉइलचे सुमारे २६.४. उरलेला अर्धा ओहम या सगळ्या बेरजेत दिसतच नाही. दुखणं मात्र त्या अर्ध्या ओहमातच होतं.

म्हणून तुकडे पाडावे लागतात. गिझरची वाट सरळ एकेरी आहे, मध्ये कुठे फाटा नाही. त्यामुळे करंट सगळीकडे एकच: वायरमध्ये ८.४, सॉकेटमध्ये ८.४, कॉइलमध्ये ८.४. व्होल्टेज मात्र तुकड्यातुकड्यात वाटलं जातं. ज्याचा रोध जास्त, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. काकूंच्या घरी गिझर चालू असताना मी एकेक तुकडा मोजला, तो असा आला:

बोर्डापासून सॉकेटपर्यंतची वायर, जाण्याची आणि येण्याची मिळून: १.५ व्होल्ट
सॉकेटच्या फेजच्या स्क्रूपासून टॉपमधल्या फेज पिनच्या स्क्रूपर्यंत: २.८५ व्होल्ट
तेच न्यूट्रलच्या बाजूला: ०.२५ व्होल्ट
टॉपच्या पुढचं सगळं, म्हणजे गिझरची वायर आणि कॉइल: २२१.४ व्होल्ट

बेरीज २२६. ही बेरीज जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर एखादं माप चुकलं किंवा मधला एखादा तुकडा राहिला, असं समजून पुन्हा मोजायचं.

आता नातवाला म्हटलं, तीच दोन सूत्रं प्रत्येक ओळीला लाव.

फेजचा कॉन्टॅक्ट: २.८५ ÷ ८.४ = ०.३४ ओहम. एक तृतीयांश ओहम, ऐकायला काहीच नाही. पण पॉवर काढली तर २.८५ × ८.४ = २४ वॅट. माझ्या पिशवीतली सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, आणि ती कथील वितळवते. म्हणजे काकूंच्या सॉकेटच्या आत, पिन आणि पितळी पट्टी जिथे एकमेकांना टेकतात त्या हरभऱ्याएवढ्या जागेत, रोज सकाळी दीड तास एक सोल्डरिंगची इस्त्री चालू होती.

न्यूट्रलची बाजू: ०.२५ × ८.४ = २ वॅट. कोमट.

आणि वायर? १.५ × ८.४ = साडेबारा वॅट. हेही दोन वॅटांपेक्षा बरेच, पण ते चोवीस मीटर वायरभर पसरलेले. मीटरमागे अर्धा वॅट. वायर हाताला कळतही नाही एवढी गरम होते. वायर बरोबर आहे याची खात्री वेगळीही करता येते. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध हजार मीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. बारा मीटर जाऊन बारा मीटर येणं, म्हणजे २४ मीटरला ०.१८ ओहम, गुणिले ८.४, उत्तर दीड व्होल्ट. मोजलेलंही दीडच. वायर निर्दोष.

पोरगं त्या २४ वॅटांच्या ओळीकडे बघतच राहिलं. मग टॉपकडे बघितलं. त्याला जे कळलं ते मला कामाला लागल्यावर चार वर्षांनी कळलं होतं.

एमसीबी का पडत नाही

काकूंचा रास्त प्रश्न होता: "अहो, एवढं जळतंय तर ते बटण का पडलं नाही?"

एमसीबी करंटवर लक्ष ठेवते. करंट ठरल्यापेक्षा वाढला तर पडते. लूज कॉन्टॅक्टमध्ये करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, कारण वाटेत रोधाची भर पडलेली असते. काकूंची एमसीबी १६ अँपिअरची, तिच्यातून जात होते ८.४. तिच्या दृष्टीनं घरात सगळं शांत. टॉप जळला म्हणजे "करंट जास्त आला" असं आपण सहज म्हणतो, पण या प्रकारच्या जळण्यात ते खरं नसतं. म्हणून मोठी एमसीबी टाकून हा दोष जाणार नाही. तसं केलं तर खऱ्या ओव्हरलोडच्या वेळी मिळणारं संरक्षणही जाईल. कृपा करून हे करू नका.

शिवाय हे दुखणं स्वतःच वाढत जातं. कॉन्टॅक्ट तापला की पितळेवर काळा थर चढतो. त्या थरानं रोध वाढतो, रोधानं उष्णता वाढते, उष्णतेनं सॉकेटमधल्या पट्टीचा ताण जातो आणि तिची पिनवरची पकड सैल होते. मग पुन्हा रोध वाढतो. तारेतून करंट गेला की किती उष्णता निर्माण होते याचा नियम जेम्स जूल यांनी १८४१ साली मांडला: करंटचा वर्ग गुणिले रोध. वर्ग महत्त्वाचा आहे. याच सैल सॉकेटवर मोबाईलचा चार्जर लावला तर वर्षानुवर्षं काही होणार नाही. ८.४ अँपिअरचा गिझर लावला की ८.४ गुणिले ८.४, म्हणजे सत्तर पट, गुणिले ०.३४. "बाकी सगळं याच सॉकेटवर नीट चालतं हो," हे म्हणणं म्हणूनच पुरावा ठरत नाही.

ओहमवर ठेवून मोजलं तर?

बरेच जण इथे चुकतात. मेन बंद करून मीटर ओहमवर ठेवतात, एक काडी सॉकेटला, एक टॉपला, आणि ०.३ किंवा ०.५ ओहम आलं की म्हणतात, ठीक आहे. अहो, साध्या मल्टिमीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२ ते ०.५ दाखवतो, तो काड्यांच्या वायरचाच रोध असतो. जो दोष ०.३४ ओहमचा, तो या मापात सापडणं शक्य नाही. त्यातून मीटर मोजण्यासाठी अगदी बारीक करंट सोडतो, गरम झाल्यावर कॉन्टॅक्ट कसा वागतो ते त्याला कळत नाही.

एवढा लहान रोध शोधायचा तो लोड चालू ठेवून, व्होल्टेज मोजून आणि करंटनं भागून. साध्या मीटरनं हाच भरवशाचा मार्ग आहे. सूत्र शाळेतलंच, फक्त काड्या योग्य दोन जागी.

दोन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत, हेही सांगून ठेवतो. सकाळी सात वाजता सोसायटीतले सगळे गिझर सुरू असतात, व्होल्टेज मिनिटामिनिटाला हलतं. व्होल्टेज आता घेतलं आणि करंट चहा पिऊन आल्यावर, तर उत्तर कशाचंच नाही. हा त्रास खुद्द ओहम यांनाही झाला होता. कोलोनच्या शाळेत शिकवत असताना ते प्रयोग करायचे. त्या काळच्या बॅटऱ्या एकसारखा दाब, म्हणजे व्होल्टेज, देत नसत, त्यामुळे मापं जुळेनात. मग त्यांनी तांबं आणि बिस्मथ यांचा सांधा एका बाजूनं गरम आणि दुसऱ्या बाजूनं थंड ठेवून त्यातून स्थिर दाब मिळवला, आणि तेव्हा नियम हाती लागला. १८२७ साली तो पुस्तकरूपानं आला. दाब स्थिर नाही तर माप खरं नाही, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालू लाइनवर सॉकेट किंवा टॉप उघडून हे माप घेणं घरच्या माणसाचं काम नाही. परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्याकडेही मेन्सला चालणारा मीटर हवा, पायाखाली कोरडी जमीन हवी, आणि बाथरूमचा दरवाजा बंद हवा. मीटर अँपिअरवर असताना काड्या चालू सॉकेटमध्ये घालणं म्हणजे सरळ शॉर्ट, आणि ओहमवर असतानाही घालू नका. मीटर हातात फुटू शकतो. हे मी एका शिकाऊ मुलाच्या बाबतीत डोळ्यांसमोर पाहिलं आहे. त्याचा हात वाचला, पण आठवडाभर पट्टी होती.

घरच्या घरी, काही न उघडता

तुम्ही स्वतः दोन गोष्टी बिनधोक करू शकता, आणि त्यातून निम्मं निदान होतं.

पहिली गोष्ट हातानं पाहायची. गिझर पंधरा मिनिटं चालवा. बटण बंद करा, बोर्डातली एमसीबीही खाली करा, मग टॉप ओढून काढा. पिनांना लगेच धरू नका. हाताची मागची बाजू आधी जवळ न्या, ऊब कळते. खालच्या दोन पिनांतली एक कडक गरम आणि दुसरी गार असेल, तर निदान झालंच. दोन्ही पिनांतून एकच करंट गेलेला आहे. एक तापली आणि दुसरी नाही, याचा अर्थ रोध त्याच बाजूला आहे. दोन्ही सारख्याच गरम आणि त्यासोबत वायरही हाताला गरम लागत असेल तर गोष्ट वेगळी: वायर बारीक आहे, किंवा सहा अँपिअरच्या टॉपवर पॉवरचा लोड टाकला आहे. मोठ्या पिनांचा टॉप छोट्या सॉकेटला लावायचा कन्व्हर्टर मधे असेल तर आधी तो काढून टाका. इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड यांच्या बाबतीत निम्म्या वेळा दोषी तोच असतो.

दुसरी गोष्ट विजेच्या मीटरवर. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि जवळच एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. अनेक मीटरवर हा आकडा ३२०० आहे. तुमच्या मीटरवरचा वाचून घ्या. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त गिझर सुरू ठेवा. एक मिनिट लुकलुकी मोजा. काकूंच्या घरी नातवानं खाली पार्किंगमध्ये जाऊन मोजल्या, १०१ भरल्या. गुणिले ६०, म्हणजे तासाला ६०६०. भागिले ३२००, म्हणजे तासाला १.८९ युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, तेव्हा पॉवर सुमारे १८९० वॅट. मी क्लॅम्प मीटर लावून काढलेले १८९८. पोराचा आनंद काय वर्णावा, नुसत्या डोळ्यांनी मोजून माझ्या मीटरशी जुळवलं.

पण यातून कळतं ते घरात एकूण किती पॉवर आली एवढंच. त्यातली किती पाण्यात गेली आणि किती टॉपमध्ये, हे मीटर सांगत नाही. आकडा पट्टीवरच्या वॅटच्या आसपास आला तर कॉइल ठीक आहे एवढं समजा, आणि टॉप तापत असेल तर वायरमनला बोलवा.

दुरुस्ती

टॉप आणि सॉकेट दोन्ही एकत्र बदलायचे. काकूंकडे तीन टॉप जळाले ते याच कारणानं: सॉकेट दर वेळी जुनंच राहिलं. मी ते काढून उजेडात धरलं तेव्हा फेजच्या बाजूची पितळी पट्टी निळसर-काळी झाली होती, आणि पिन घालून पाहिली तर हाताला काही पकडच लागली नाही, पिन आपोआप निसटत होती. न्यूट्रलची पट्टी मात्र पिवळीधमक, घट्ट. अशा फेज पट्टीत जगातला उत्तम टॉप घातला तरी तो जळणारच.

सॉकेट मेनरोडवरच्या एखाद्या चांगल्या दुकानातून १६ अँपिअरचं, आयएसआय मार्कचं घ्या. दुकानातच टॉप घालून काढून पाहा, ओढायला जोर लागला पाहिजे. वायरचं काळं झालेलं टोक कापून टाका, तांबं लालचकचकीत दिसेपर्यंत मागे जा. बारीक तारांची वायर असेल तर सगळ्या तारा पिळून स्क्रूखाली जाऊ द्या. चार-पाच तारा बाहेर राहिल्या की तेवढी वायर बारीक झाली. टोकाला लग (तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून बसवला तर सर्वांत छान. टोकाला कथील लावून स्क्रूखाली देऊ नका. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि महिन्या-दोन महिन्यांत स्क्रू सैल होतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये अजून ॲल्युमिनियमची वायरिंग सापडते; तिथे ॲल्युमिनियम आणि तांबं सरळ एकमेकांना पिळू नका, तो सांधा हमखास तापतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर गिझरला टॉप नकोच. दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी असलेला बॉक्स बसवायचा आणि गिझरची वायर त्यात थेट कसायची. गिझर काही रोज काढून ठेवायची वस्तू नाही. ज्या सैल कॉन्टॅक्टमुळे ही सगळी कथा घडली, तोच मुळात राहत नाही. अर्थिंग तपासून आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारं बटण) लावून घ्या, पाण्याच्या कामात ती हवीच. काकूंनी हाच पर्याय निवडला.

याच हिशोबात होणाऱ्या आणखी काही चुका

क्लॅम्प मीटरच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम घेतल्या की शून्य दिसतं. एक करंट जातो, दुसरा तेवढाच परत येतो, एकमेकांना रद्द करतात. एकच वायर आत घ्या.

काही मीटर आपोआप मिलिव्होल्टवर जातात. २८५ दिसलं आणि शेजारी मिलिव्होल्टची खूण असेल तर ते ०.२८५ व्होल्ट आहे. हजारपट चूक इथे सहज होते.

जुन्या १०० वॅटच्या बल्बचा रोध थंड असताना मोजला तर चाळीसच्या आसपास ओहम येतो, आणि २३० च्या हिशोबानं यायला हवा ५२९. बल्ब खराब नसतो. तार पेटल्यावर तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. गिझरच्या कॉइलचा मात्र फारसा बदलत नाही, म्हणून तिच्यासाठी हे गणित चालतं.

"टॉप ठीक आहे पण पाणीच उशिरा तापतं" अशीही तक्रार येते. शहराच्या कडेच्या वस्त्यांत सकाळी व्होल्टेज २०० वर आलेलं मी पाहिलं आहे. २०० × २०० ÷ २६.४५ केलं तर १५१२ वॅट मिळतात. व्होल्टेज तेरा टक्के घटलं, पॉवर मात्र चोवीस टक्के. पंधरा लिटरचा गिझर १५ अंशांचं पाणी ५५ पर्यंत न्यायला २००० वॅटवर सुमारे २१ मिनिटं घेईल, १५१२ वर जवळपास २८. गिझरचा दोष नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर साचले असतील तर तेही या आकड्यांत दिसत नाही. करंट तेवढाच राहतो, पण थराखाली कॉइल जास्त गरम होते आणि एक दिवस तुटते. ते उघडूनच पाहावं लागतं.

मोटारीचं मात्र सगळंच वेगळं आहे, आणि निफाड, ओझर, पिंपळगावकडून द्राक्षवाल्या शेतकऱ्यांचे फोन येतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मोटारीला व्होल्टेज भागिले करंट करून वाइंडिंगचा रोध मिळत नाही. वाइंडिंग ओहमवर मोजलं तर मोजकेच ओहम येतात, आणि भागाकारानं त्याच्या कितीतरी पट जास्त येतात. दोन्ही मापं खरी असतात. फिरत्या मोटारीत करंट अडवणारं वाइंडिंगच्या तारेशिवाय दुसरंही बरंच काही असतं. म्हणून "रोध कमी आला, मोटार जळाली" असं घाईनं ठरवून ती रिवाइंडिंगला टाकू नका. पॉवरही नुसत्या गुणाकारानं येत नाही, पॉवर फॅक्टर लागतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती हिस्सा खरे वॅट ते सांगणारा आकडा. समजा सोसायटीचा पंप २३० व्होल्टला ३.४ अँपिअर घेतो. गुणाकार ७८२ येतो. पॉवर फॅक्टर ०.७५ असेल तर खरे वॅट ५८६ च. थ्री-फेज मोटारीला आणखी १.७३ नं गुणायचं: ४१५ व्होल्ट, साडेसात अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४३०० वॅटच्या जवळपास. पाच एचपीच्या मोटारीला एवढं लागतंच.

आणि व्होल्टेज पडलं की गिझरचा करंट कमी होतो, पण लोडवर चालणाऱ्या मोटारीचा वाढतो. तिला तेवढंच पाणी ओढायचं असतं, ती दाबाची कसर करंटनं भरून काढते. म्हणून मळ्यात पाचशे मीटर लांब बारीक केबल टाकली की मोटार वारंवार ट्रिप होते. तिथेही उपाय तोच: मोटार चालू असताना स्टार्टरजवळचं आणि मोटारीजवळचं व्होल्टेज एकाच वेळी पाहा. मधला फरक केबलमध्ये जातोय.

काकूंच्या घरी शेवटी काय आलं

नवा बॉक्स बसवून गिझर अर्धा तास चालवला आणि पुन्हा मोजलं. बोर्डावर २२६ च होते. करंट ८.४ वरून ८.५ झाला. नातवानं लगेच विचारलं, "काका, दुरुस्त केल्यावर करंट वाढला?" वाढणारच, वाटेतला अडथळा गेला. फेजच्या स्क्रूवर आता ०.०४ व्होल्ट. भागिले साडेआठ केलं तर पाच हजारांश ओहमही भरत नाही. गुणिले साडेआठ, एक तृतीयांश वॅट. जिथे २४ होते तिथे. बॉक्सला हात लावला तर खोलीइतकाच गार.

मी त्याच्याच हातानं एक चिठ्ठी लिहून घेतली आणि बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवली: तारीख, बोर्डावर २२६, करंट ८.५, फेज स्क्रूवर ०.०४, न्यूट्रलवर ०.०४. खाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे. पुढच्या दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आधी, मी तिथे जाणार आहे आणि दुसरी ओळ भरणार आहे. तोवर तो दहावीत गेलेला असेल.